फुकटच्या गोळ्या

"आधी ते बघून ये. मग गोळ्यांचं बघू."

डॉक्टर मॅडम असं म्हणाल्या तेव्हा खोलीत अजून चार माणसं होती. एक नर्स, एक म्हातारा ऑटोवाला, एक पोटुशी बाई आणि तिची सासू. ती सगळी कन्नड बोलणारी, मॅडम मराठीत बोलल्या म्हणून त्यांना काही कळलं नाही. मला कळलं. ते म्हणजे संडास. दवाखान्याच्या मागच्या बाजूचा, दोन दिवसांपासून तुंबलेला.

मी पेशंट होते. माझ्या हातात चिठ्ठी होती. चिठ्ठीवर माझं नाव, वय, आजार आणि महिनाभराच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. मी तिथे झाडायला गेले नव्हते. मला तिथे कुणी कामावर ठेवलं नव्हतं.

तरी मी गेले.

मागे ॲसिडची अर्धी बाटली होती आणि एक बांबूची काठी. मी पदर नाकावर बांधला. साडी वर खोचली. कुणीतरी आत कापूस टाकला होता, जखमेच्या पट्ट्या टाकल्या होत्या, त्याच अडकल्या होत्या. काठीने निघेनात. मी हात घातला. कोपरापर्यंत घातला आणि ओढून काढल्या.

माझी आय माझ्या मागे येऊन उभी राहिली. तिने आयुष्यभर गावात हेच काम केलं. ती म्हणाली, "सरक. मला सवय हाय."

मी सरकले नाही. तिच्याकडे बघितलंही नाही.

नळावर हात धुऊन मी खोलीत परत गेले. मॅडमनी टेबलाचा खण उघडला. गोळ्यांची पाकिटं काढली आणि माझ्या तळहातावर सोडली. वरून. त्यांचं बोट माझ्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवरून.

"हात नीट धुतलेस ना?"

मी म्हणाले, "हो मॅडम. थँक्यू मॅडम."

संडासात घातलेला हात मी विसरू शकते. ते थँक्यू मला विसरता येत नाही.

मला फिट येतात. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पहिली आली. नवऱ्याने चप्पल हुंगवली. मग भगताकडे नेलं. मग माहेरी आणून सोडलं आणि परत वळून बघितलं नाही. आमचं गाव बीदरकडचं, सरहद्दीवरचं. घरात मराठी, बाजारात कन्नड. बाप मेल्यावर आय आणि मी बंगळूरला आलो. बेळ्ळंदूरच्या बाजूला सुका कचरा निवडायची शेड आहे, तिथे मला काम मिळालं. मोठमोठ्या बिल्डिंगांचा कचरा तिथे येतो. बाटल्या एकीकडे, पुठ्ठे एकीकडे, काच एकीकडे. दिवसभर बसून निवडायचं.

इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरने मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, भूतबाधा नाही. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. एक दिवस चुकवायची नाही. एकदम बंद केली तर पहिल्यापेक्षा जोरात फिट येईल. गोळ्या तुमच्या भागातल्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतील.

मी ते डोक्यात कोरून ठेवलं. तीन वर्षं मला एकही फिट आली नाही. तीन वर्षं मी माणसासारखी झोपले, माणसासारखी उठले. कोणी माझ्याकडे भीतीने बघितलं नाही.

मग गोळ्या मिळेनाशा झाल्या.

केंद्रात औषधाची खिडकी आहे. तिथे बसणाऱ्याला सगळे अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. तो चिठ्ठी हातात घ्यायचा नाही. लांबूनच बघायचा. "स्टॉक इल्ला. मुंदिन वारा बा." स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात ये. कन्नडमध्ये मानाने बोलवायचं तर बन्नी म्हणतात. बा म्हणजे नुसतं ये. कुत्र्याला, पोराला, नाहीतर आम्हाला. माझ्या पुढे इस्त्रीच्या शर्टातला कुणी असला की त्याला बन्नी सर. माझा नंबर आला की बा.

पुढच्या आठवड्यात गेलं की परत तेच. एक दिवसाची मजुरी बुडायची ती वेगळीच. बाहेरच्या दुकानातून दोनदा आणल्या. मग एका गोळीची अर्धी करून खायला लागले. गोळीच्या मध्ये रेघ असते, नखाने दाबलं की तुटते. अर्ध्या गोळीवर डोकं जड व्हायचं. डाव्या हाताची बोटं आपोआप उडायची. आय मला एकटीला कुठे जाऊ देईना.

म्हणून त्या गुरुवारी ती माझ्यासोबत आली होती. खिडकीतून नकार मिळाला. आम्ही दोघी मॅडमच्या दारात उभ्या होतो. आय मला म्हणाली, "आता काय गं? रिकाम्या हातानं जायलालाव का?"

आतून मॅडमनी मान वर केली.

"अगंबाई, तुम्ही मराठी?"

एवढ्या वर्षांत ह्या शहरात कुणी शिकलेला माणूस माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. मॅडम पुण्याच्या. नवरा एचएसआर लेआउटला कंपनीत. त्यांनीच सांगितलं. "इथे मराठी ऐकायला कान तरसतात हो. या ना, आत या. बसा." नर्सला त्यांनी स्टूल पुढे करायला लावलं. मी बसले. आय दाराशीच उभी राहिली, तिला असल्या बसण्याची भीती वाटते. मॅडमनी माझा दंड हातात घेतला, बीपीचा पट्टा गुंडाळायला लागल्या.

"गाव कुठलं तुमचं?"

मी सांगितलं.

"आणि आडनाव?"

मी सांगितलं.

इथल्या कन्नड माणसाला माझ्या आडनावाने काही कळत नाही. मराठी माणसाला सगळं कळतं. मॅडमचे हात थांबले. पट्टा अर्धा गुंडाळलेला तसाच राहिला. त्यांनी नर्सला कन्नडमध्ये हाक मारली, "सिस्टर, तुम्ही घ्या हिचं बीपी." मग सॅनिटायझरची बाटली दाबून हात चोळले. माझ्या देखत. घाईने नाही, अगदी शांतपणे.

"आणि काम काय करतेस?"

'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. एका आडनावाएवढ्या वेळात.

"कचरा निवडते मॅडम."

"हां, मग तुला सवय असेल." आणि मग त्यांनी मागचा संडास सांगितला. त्यांची बाई येत नव्हती. आपली माणसं म्हणून हक्काने सांगते, असंही म्हणाल्या.

खिडकीत गोळ्या नव्हत्या आणि मॅडमच्या खणात होत्या. हे कसं, असं मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, मॅडमनी माझ्यासाठी कुठून तरी आणून ठेवल्या असतील. मला खरंच तसं वाटलं.

पुढे ते ठरूनच गेलं. दर दुसऱ्या गुरुवारी मी जायची. मागचे दोन्ही संडास धुवायची, मोरी धुवायची. मग पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. महिन्याच्या एकदम कधीच नाही. महिन्याच्या दिल्या तर मी महिन्याने आले असते. खिडकीतला अण्णा मला बघून हसायचा. चिठ्ठी दाखवायचीही गरज उरली नव्हती. ती चिठ्ठी घडीवर घडी पडून फाटायला आली होती.

मॅडमना माझं बोलणं ऐकायला मजा वाटायची. एकदा मी म्हणाले, "डोकं दुखलालंय मॅडम." त्यांनी ते नर्सला दोनदा म्हणून दाखवलं. दुखलालंय, जायलालाव, करलालाव. नर्सला मराठी येत नव्हती, पण मॅडम हसल्या म्हणून तीही हसली. एका गुरुवारी काम झाल्यावर मला गरगरलं म्हणून मी त्या स्टुलावर टेकले. मॅडम म्हणाल्या, "अगं, ते पेशंटसाठी आहे."

मी म्हणाले, "मी पण पेशंटच आहे ना मॅडम."

"हो गं बाई," त्या म्हणाल्या. "पण आत्ता कपडे बघ तुझे."

मी उठले. उठताना स्टूल पदराने पुसलं. मला कुणी पुसायला सांगितलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. शेडमध्ये फुटलेली ट्यूबलाइट निवडताना माझ्या उजव्या तळहातात काच घुसली. खोल गेली. टाके पडले. त्या गुरुवारी मी पट्टी बांधलेला हात घेऊन मॅडमकडे गेले. म्हणाले, आज ॲसिडमध्ये हात घालता येणार नाही.

मॅडमनी पट्टीकडे बघितलं. चिडल्या नाहीत. "काही हरकत नाही," म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी ये मग."

"गोळ्या मॅडम? घरात दोनच उरल्यात."

"तेव्हाच ने ना. दोन्ही एकदम होईल."

माझ्या मागे माणसं उभी होती. मी बाहेर आले. खिडकीवर गेले. अण्णा हात हलवून म्हणाला, "इल्ला."

दोन गोळ्यांच्या चार अर्ध्या केल्या. त्या चार दिवस पुरल्या. दुकानात गेले तर दुकानदाराने जुनी, फाटलेली चिठ्ठी चालणार नाही म्हणून सांगितलं, नवीन आणा. नवीन चिठ्ठी मॅडमच देणार होत्या. गुरुवारी.

बुधवारी सकाळी आय पाण्याला गेली होती. मी भाकरी टाकत होते. तवा तापला होता. पीठ माझ्या उजव्या हाताच्या पट्टीला चिकटत होतं म्हणून मी डाव्या हाताने थापत होते. तेवढंच आठवतं.

पुढचं आय सांगते. ती आली तेव्हा मी चुलीवर पडले होते. डावा हात तव्याखाली, जाळात. अंग झटके देत होतं आणि हात तिथून निघत नव्हता. तिने आधी वासावरून ओळखलं. भाकरी करपली असं तिला वाटलं.

डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली. आता तो एकच जाड तुकडा आहे. अंगठा हलतो, करंगळी थोडी हलते. मधलं काही हलत नाही.

मोठ्या दवाखान्यात जळालेल्यांच्या वॉर्डात मी दीड महिना होते. रोज सकाळी पट्टी सोडायचे तेव्हा मी उशीचं टोक चावायची. एक तरुण डॉक्टर यायचा, हिंदीत बोलायचा. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "गोली क्यों बंद किया?"

मी म्हणाले, "मिला नहीं."

"सरकार फ्री में देता है. फिर भी तुम लोग खाते नहीं. फिर जल के आते हो."

तुम लोग. मी काय सांगणार होते? गोळीसाठी संडास धुवायची आणि हात कापला म्हणून धुता आला नाही, असं? ते सांगायची मला लाज वाटली. लाज मला वाटली, हे लक्षात घ्या.

घरी सोडताना कागद दिला. वॉर्डातल्या नर्स अक्काने मला तो वाचून दाखवला. त्यावर लिहिलं होतं की पेशंटने स्वतःहून औषध बंद केलं होतं.

स्वतःहून. मी तो कागद घरी नेला. आय झोपली की काढून बघायची. मला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बघायची. हात जळाला तेव्हा मी शुद्धीत नव्हते. त्या कागदाने मला शुद्धीत जाळलं.

युगादीनंतर, पाडवा झाल्यावर, मी शेडवर परत गेले. एका हाताने जमेल तेवढं निवडायची. मुनियम्मा अक्का माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची, शुगरवाली, पायाच्या जखमेला कायम चिंधी बांधलेली. तिलाही त्याच खिडकीतून तेच उत्तर मिळायचं. माझ्या वाटणीच्या काचा ती गुपचूप आपल्या ढिगात ओढून घ्यायची.

एक दिवस गाडीतून काळी पोती उतरली. जड होती. पहिलं पोतं मुनियम्माने फाडलं आणि आतून पुठ्ठ्याचे खोके घसरले. पांढरे. चिकटपट्टी न उघडलेले. तिने एक खोका फोडला. आत पाकिटंच पाकिटं.

मला शाळा चौथीपर्यंत. पण कचऱ्याने मला इंग्रजी अक्षरं शिकवली. प्लास्टिकच्या तळाला त्रिकोणात अक्षरं असतात, पी-ई-टी, पी-पी, ती बघूनच ढीग वेगळे करायचे असतात. आणि त्या पाकिटावरचं नाव तर मी इतकी वर्षं बघत आले होते. ते मला वाचावं लागलं नाही.

माझ्या गोळ्या होत्या. पांढऱ्या, गोल, मध्ये रेघ. पाकिटावर सरकारचा शिक्का, विकायच्या नाहीत म्हणून. दुसऱ्या खोक्यात मुनियम्माच्या शुगरच्या. खोक्यांवर आमच्याच केंद्राचा शिक्का.

मी पाकीट उलटं केलं. आकडे मला येतात. गोळ्यांची मुदत फेब्रुवारीत संपली होती.

मी जळाले जानेवारीत.

मी परत बघितलं. पाकीट बदलून बघितलं. सगळ्यांवर तोच महिना. मी संडास धुवायची तेव्हा ह्या गोळ्या चांगल्या होत्या. मी काच लागलेला हात दाखवला तेव्हा चांगल्या होत्या. आय पाण्याला गेली त्या सकाळी चांगल्या होत्या. खोके न उघडता आत पडून होते, आणि खिडकीतला माणूस इल्ला म्हणत होता. मोजून घ्यायचा, वहीत लिहायचा, रांगेतल्या प्रत्येकाला द्यायचा कंटाळा असेल. किंवा आम्ही परत परत यावं, हात जोडावे, काम करावं, हेच त्यांना हवं असेल. मला कारण माहीत नाही. मला कारण नकोच होतं.

मुनियम्मा म्हणाली, "सुम्मने इरु." गप्प राहा. तिचे डोळे भरले होते, पण ती मला गप्पच राहा म्हणत होती. सुपरवायझर ओरडला की दवाखान्याचा कचरा इकडे कशाला आला, बाजूला टाका. मी एक खोका उचलला. पदराखाली घेतला. बाजूला टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी केंद्रात गेले. मागच्या दाराने नाही. पुढून, रांगेतून. माझा नंबर यायला अकरा वाजले.

मॅडमनी माझा हात बघितला. "अरे बापरे. काय करून घेतलंस हे? काळजी घ्यायला नको का?"

त्यांनी हाताकडे अजून एकदा बघितलं आणि मग, खरं सांगते, अगदी सहज विचारलं, "एका हाताने जमेल का गं तुला?"

मला वाटलं होतं की मी ओरडेन. रस्त्याने येताना मी काय काय ओरडायचं ते ठरवलं होतं. ते सगळं गेलं. आवाज अगदी साधा निघाला.

"जमणार नाही. आणि जमलं तरी करणार नाही."

मी खोका टेबलावर ठेवला. मॅडमच्या मोबाइलशेजारी. एक पाकीट काढून मुदतीचे आकडे वर करून ठेवलं. मग स्टूल ओढलं आणि बसले.

मॅडमनी आधी दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, "हे कुठून आणलंस? ही चोरी आहे. पोलिसांना बोलवावं लागेल मला."

"बोलवा," मी म्हणाले. आणि मग कन्नडमध्ये म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पहिल्यांदा त्या खोलीत मी मराठी सोडली. ती भाषा आम्हा दोघींच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये एक भिंत होती, तिच्या आड सगळं चाललं होतं. मी सांगितलं की ह्या गोळ्या इथल्या आहेत, कचऱ्यात आल्या. मी सांगितलं की मला इल्ला म्हणून सांगितलं. मी सांगितलं की ह्या बाईंनी माझ्याकडून संडास धुऊन घेतले आणि मग गोळ्या दिल्या, आणि एकदा धुतले नाहीत तर दिल्या नाहीत. मी डावा हात वर केला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, लवकर आटपा, मला पोराला शाळेतून आणायचंय. दुसरीने नाकाला पदर लावला. बनशंकरीहून बदली होऊन आलेली नवीन नर्स खाली बघत राहिली.

मॅडम म्हणाल्या, "तुला गोळ्या हव्यात ना? थांब, देते." त्यांनी अण्णाला हाक मारली. तो दोन मिनिटांत चार पाकिटं घेऊन आला. इल्ला म्हणणारा. चांगल्या मुदतीच्या, नवीन.

मुनियम्माकडून मागून आणलेली तिची चिठ्ठी मी पुढे सरकवली आणि विचारलं, "आणि मुनियम्माच्या शुगरच्या?"

"त्या नाहीयेत."

"मग लिहून द्या."

"काय लिहून द्या?"

"हेच. आज तारीख अमुक, ह्या पेशंटला हे औषध पाहिजे होतं, केंद्रात नव्हतं. खाली सही. शिक्का."

"असं काही लिहून द्यायची पद्धत नाही."

"मग मी बसते," मी म्हणाले.

आणि बसले. मॅडमनी माझ्या डोक्यावरून पुढच्या पेशंटला बोलावलं. तो म्हातारा ऑटोवाला होता, बीपीच्या गोळ्यांचा. त्याने तपासून घेतलं, खिडकीवर गेला, आणि परत आला. त्याची गोळीही नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं. मग त्याने आपली चिठ्ठी मॅडमच्या समोर ठेवली आणि कन्नडमध्ये म्हणाला, मलाही लिहून द्या.

मॅडमनी लिहिलं. दोन्ही चिठ्ठ्यांच्या मागे. औषध उपलब्ध नाही. पेन इतकं दाबलं की कागद फाटला. शिक्का मारला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपलंच माणूस म्हणून मदत केली, त्याचं हे."

मी म्हणाले, "मी तुमचं माणूस नव्हते मॅडम. मी तुमची पेशंट होते."

घरी जाऊन आयला सांगितलं. ती खूश झाली नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, आता कामावर ठेवणार नाहीत. तिचं खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरने सांगितलं की वरून फोन आला, एका हाताच्या बाईला ठेवता येत नाही. युगादीपासून तोच एक हात त्यांना चालत होता.

मुनियम्माची चिठ्ठी आणि ऑटोवाल्याने मला दिलेली त्याची चिठ्ठी घेऊन मी आरोग्य खात्याच्या मोठ्या ऑफिसात गेले. खोकाही नेला. एकाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. मी रोज जात राहिले. दरम्यान मुनियम्माच्या पायाचा अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. तिच्या घरी मी गेले तेव्हा ती म्हणाली, मी तुला गप्प राहा म्हणाले होते ना, ते मागे घेते. एवढंच म्हणाली.

मागच्या आठवड्यात त्या ऑफिसातले एक साहेब आमच्या घरी आले. पत्र्याच्या खोलीत वाकून आले. चांगले बोलले. बन्नी, कूतकोळ्ळी, या, बसा, असं मानाने, माझ्याच घरात मला. त्यांनी एक टाईप केलेला कागद काढला. मी म्हणाले, वाचून दाखवा. त्यांनी वाचला. खोका मला रस्त्यावर सापडला, केंद्राबद्दल माझी तक्रार नाही, गैरसमजातून बोलले. खाली अंगठ्याची जागा.

साहेब म्हणाले, चौकशी वाढली तर त्या डॉक्टरची नोकरी जाईल, तुमच्याच भाषेची बाई आहे, लहान मूल आहे तिला. तुम्हाला काय मिळणार त्यातून? तुम्ही अंगठा द्या. शेडवरचं काम परत मिळेल. आणि तुमच्या गोळ्या, त्यांची आता काळजीच नको. दर महिन्याला आमचा माणूस घरपोच आणून देईल. जन्मभर.

आय माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसत होतं. तिला माझा जीव हवा होता, बाकी काही नको. जन्मभराच्या गोळ्या, घरपोच, काही न धुता. मला मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या डब्यात त्या वेळी सहा दिवसांच्या गोळ्या होत्या.

मी साहेबांना विचारलं, "मुनियम्माच्या पण घरपोच येणार?"

ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा ना."

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. सांगितलं, मी अंगठा देत नाही, मला सही येते. आणि ह्याच्यावर ती होणार नाही.

ते गेले. आय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी दुसरीकडे काम शोधते आहे. मिळालेलं नाही. मॅडम अजून त्याच खुर्चीत आहेत, अण्णा त्याच खिडकीत. मी दर गुरुवारी जाते. रांगेत उभी राहते आणि ज्याला ज्याला इल्ला म्हणतात त्याला सांगते, लिहून मागा. काही मागतात. बरेचजण माझ्यापासून लांब सरकून उभे राहतात.

सरकू देत. मला घरपोच गोळ्या नकोत. खणातल्या नकोत. कुणाचं माणूस म्हणून नकोत. मला त्या खिडकीतून पाहिजेत, माझ्या नंबरला, माझ्या पुढच्याला मिळाल्यावर आणि माझ्या मागच्याला मिळायच्या आधी. आणि मागच्याला मिळाल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.